दोन आडनावांचे घर

जपानमध्ये ‘पूर्वीसारखे कुटुंब’ असा विषय निघाला की इसोनोंचे नाव हमखास निघते. आजी-आजोबा, लेक-जावई, शाळकरी मुले, नातू आणि तामा नावाची मांजर. एका बुटक्या टेबलाभोवती जेवायला बसलेली ही मंडळी दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला दूरचित्रवाणीवर दिसतात. ‘साझाए-सान’ ही अ‍ॅनिमेशन मालिका ५ ऑक्टोबर १९६९ पासून चालू आहे. सर्वांत दीर्घकाळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून २०१३ मध्ये गिनेस बुकात तिची नोंद झाली. ती सुरू झाली की सुट्टी संपली, उद्या पुन्हा कचेरी. या रविवारच्या उदासीला तिकडे ‘साझाए-सान विकार’ असेच म्हणतात.

जुन्या एकत्र कुटुंबाचा हा न मोडलेला नमुना आहे, असे मीही समजत होते. मी आधी पडदा पाहिला, कागद नंतर हाती आला. माचिको हासेगावा यांच्या मूळ चित्रपट्ट्या वाचल्यावर माझा तो समज टिकला नाही.

पहिली पट्टी २२ एप्रिल १९४६ रोजी फुकुओकाच्या ‘फुकुनिची’ या सायंदैनिकात आली. त्याआधी बाराच दिवस, १० एप्रिलला, जपानी स्त्रियांनी इतिहासात प्रथमच सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले होते आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या होत्या. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की साझाएचा धांदरटपणा निराळा दिसू लागतो. ती मोठ्याने हसते, धावत सुटते, वडिलांना उलट उत्तर देते. आदर्श सुनेचे वळण तिला नाही, आणि लेखिकेला ते लावायचेही नाही. भोवती शिधावाटप आहे, काळा बाजार आहे, आघाडीवरून परतलेले सैनिक आहेत, अमेरिकन फौजा आहेत. चार चौकटींत हसवायचे आणि चौथ्या चौकटीत एक बारीक चिमटा काढायचा, ही हासेगावांची रीत.

पात्रांची नावे त्यांना मोमोची किनाऱ्यावर फिरताना सुचली, म्हणून सगळे घर समुद्रातून आलेले आहे. साझाए म्हणजे एक प्रकारचा शंख. भावाचे नाव कात्सुओ, म्हणजे बोनिटो मासा. धाकटी बहीण वाकामे, म्हणजे समुद्रवनस्पती. वडील नामिहेई यांच्या नावात लाटा आहेत, आणि आई फुने म्हणजे होडी.

आता जावयाकडे वळू. मासुओ फुगुता आणि साझाए लग्नानंतर आधी वेगळे राहत होते. सरपणासाठी मासुओने भाड्याच्या घराचे कुंपण कापले, घरमालकाशी वाजले आणि जोडप्याला साझाएच्या माहेरी यावे लागले. विनोद म्हणून हे वाचून सोडून देता येते. पण युद्ध संपले तेव्हा जपानमध्ये सुमारे ४२ लाख घरांची टंचाई होती. म्हणजे हे ‘एकत्र कुटुंब’ परंपरेने नव्हे, टंचाईने एकत्र आणलेले आहे. शिवाय १९४८ पासून लागू झालेल्या सुधारित नागरी कायद्याने कुटुंबप्रमुखाच्या सत्तेवर उभी असलेली जुनी ‘इए’ पद्धत मोडीत काढली होती. त्या पद्धतीत जावई घरात घ्यायचा तर बहुधा दत्तक घेऊन, आपले आडनाव देऊन. मासुओने आडनाव बदललेले नाही. साझाएने त्याचे लावले आहे आणि राहते मात्र इसोनोंकडे. आपल्याकडे ‘घरजावई’ म्हटले की ओठाच्या कोपऱ्यात हसू येते. हासेगावांच्या कागदावर मासुओला त्या हसण्याचा त्रास नाही. सासऱ्यांबरोबर तो खुशाल दारू पितो.

हे घर रेखाटणारी बाई स्वतः अविवाहित होती. वडील लवकर गेले. आई आणि बहिणी असा सगळा बायकांचा संसार. थोरल्या बहिणीबरोबर त्यांनी ‘शिमाइशा’, म्हणजे ‘बहिणींची संस्था’, ही प्रकाशनसंस्था काढली आणि ‘साझाए-सान’चे खंड तिथूनच निघाले.

पडद्यावर हे घर प्रथम १९६९ मध्ये आले असे नाही. १९५६ ते १९६१ या काळात गायिका चिएमी एरी हिला साझाए करून तोहो कंपनीने दहा चित्रपट काढले. ते आज फारसे कोणी पाहत नाही. त्यांत गाणीबजावणी जरा जास्तच आहे, पण एक गोष्ट त्यांनी केली: काळ पुढे जाऊ दिला. साझाएचे लग्न झाले, मूल झाले.

अ‍ॅनिमेशनने तो थांबवला. ऋतू बदलतात, चेरी फुलतो, नवे वर्ष येते. कात्सुओ मात्र पाचवीतच. चार चौकटींची पट्टी वाचायला काही सेकंद लागतात. तिच्यावरून सुमारे सात मिनिटांची गोष्ट करायची, अशा तीन गोष्टी एका भागात. मग मधली जागा भरावी लागते, आणि ती भरली जाते समजुतीने. चिमटा काढून झाला की कोणीतरी चुकते, कोणीतरी माफ करते, सगळे हसतात. हे काम सफाईने होते, हे मान्य करायला हवे; एवढी वर्षे लोक उगाच पाहत नाहीत. पण शिध्याची रांग गेली, घरांची टंचाई गेली, आणि कारण पुसले गेल्यावर उरलेली व्यवस्था अनादि वाटू लागली. मालिका सुरू झाली तेव्हा पाहणारे कितीतरी जण स्वतः दानचीच्या, म्हणजे सरकारी गृहसंकुलांच्या, छोट्या सदनिकांत राहायला गेले होते. अंगण असलेले ते बैठे घर त्यांच्यासाठी तेव्हाच आठवण झाले होते.

अशा आठवणीचा पुढे दाखला होतो, ही माझी खरी तक्रार आहे. बायकांनी घर कसे सांभाळावे हे सांगताना जे इसोनोंकडे बोट दाखवतात, ते एका बंडखोर वर्षात जन्मलेल्या मुलीला तिच्याच विरुद्ध साक्षीला उभे करतात.

हासेगावांनी पट्टी २१ फेब्रुवारी १९७४ पर्यंत काढली, ‘असाही शिम्बुन’मध्ये. शेवटच्या वर्षांतल्या साझाएपर्यंत प्रदूषण आणि महागाई पोचली आहे. १९९२ मध्ये हासेगावा गेल्या.

पडद्यावर काळ शिरला तो आवाजांतून. साझाएचा आवाज पहिल्या भागापासून मिदोरी कातो यांचाच आहे. नामिहेईंना चव्वेचाळीस वर्षे आवाज देणारे इचिरो नागाई मात्र जानेवारी २०१४ मध्ये वारले. काही आठवड्यांतच चौपन्न वर्षांचे नामिहेई दुसऱ्या आवाजात कात्सुओला रागावू लागले. टेबलाभोवतीच्या कोणालाही फरक जाणवला नाही.