चेरीच्या बागेचा हिशेब

अंतोन चेकॉव्ह यांचे ‘द चेरी ऑर्चर्ड’ हे नाटक १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणले. लेखकाने त्याला सुखात्मिका म्हटले. दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांना त्यात शोकांतिका दिसली. हा जुना वाद भावनेच्या अंगाने सोडविण्यापूर्वी नाटकातील आकडे एकदा नीट मांडून पाहावेत, असे मला वाटते. आकड्यांचा चटका चेकॉव्ह यांनी कोवळ्या वयात सोसला होता. १८७६ साली वडिलांचे दुकान बुडाले आणि राहते घर हातचे गेले. तेही घरातच बिऱ्हाड करून राहिलेल्या परिचिताकडे.

रानेव्स्काया या जमीनदारीणबाईंची बाग विश्वकोशात उल्लेख असलेली. पण गहाण पडलेली, व्याज थकलेले आणि २२ ऑगस्टला लिलाव ठरलेला. घरातल्या म्हाताऱ्या नोकरांना वाटाण्यांवर भागवावे लागते आणि बाई वाटेवरच्या याचकाला सोन्याचे नाणे देऊन टाकतात. ज्याचे बापजादे याच वाड्यावर भूदास होते तो व्यापारी लोपाखिन उपाय सुचवतो : झाडे तोडा, जमिनीचे तुकडे पाडून उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्या, वर्षाला निदान २५,००० रूबल येतील. बाईंचा भाऊ गायेव्ह ही गोष्ट उडवून लावतो. एका श्रीमंत वृद्ध नातलग बाईकडून १५,००० येतात. त्यात थकलेले व्याजसुद्धा फिटत नाही. अखेर कर्जाच्या वर ९०,००० ची बोली लावून लोपाखिनच बाग घेतो.

येथे बहुतेकांना सौंदर्य आणि व्यवहार यांचा झगडा दिसतो. मला ते अपुरे वाटते. पहिल्याच अंकात म्हातारा नोकर फिर्स सांगून जातो की, पूर्वी या चेरी सुकवून गाड्या भरभरून मॉस्कोला, खार्कोव्हला जात आणि पैसा येई. पुढे ती कृतीच लोक विसरले. त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. बाग गेली ती खरे तर तेव्हाच. वसईच्या वाचकाला येथे आपली सुकेळी आठवतील. राजेळी केळी उन्हात वाळविण्याची ती खटपट आज किती घरांत होते? वाडीचा भाव मात्र सर्वांना तोंडपाठ. सातबारा कपाटात आणि मुलीच्या लग्नासाठी कर्जाचा अर्ज पतपेढीत, अशी कुटुंबे मला भेटत असतात. मग दोन गुंठे विकले जातात आणि काही वर्षांत तोही पैसा सरतो.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या किमतीचा विलक्षण नियम आहे : योबेल वर्षापर्यंत जितकी पिके निघायची, तितकेच मोल. विकायची ती पिके, भूमी नव्हे. या तराजूत रानेव्स्कायाबाईंच्या बागेचे वजन जवळजवळ शून्य. पण लोपाखिनही त्यात उतरत नाही. उत्पन्नासाठी तो बागच तोडतो. नियमाच्या जवळ जातो तो पिश्चिक, ज्याला आपण नाटकभर हसत असतो! सदा उसने मागणारा हा शेजारी चौथ्या अंकात चक्क उसने फेडायला येतो. इंग्रजांना त्याच्या जमिनीत पांढरी माती सापडली आणि ती जमीन त्याने विकली नाही. चोवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. यात शहाणपणापेक्षा दैवाचाच भाग मोठा, हे मान्य. तरी जमीन त्याची राहिली.

बाई ते १५,००० घेऊन पॅरिसला निघतात; ते फार दिवस पुरणार नाहीत, हेही त्यांना ठाऊक आहे. बंद घरात उरतो आजारी फिर्स. त्याला इस्पितळात पोहोचविले असणार, असे प्रत्येकाने गृहीत धरलेले. बाहेर झाडांवर कुऱ्हाडीचे घाव पडू लागतात. हे नाटक सुखात्मिका म्हणून पाहण्याची माझी तयारी आहे. मात्र या प्रसंगी मला हसू आलेले नाही.