प्रबंधातला हरवलेला ‘मी’

विद्यापीठीय प्रबंधांच्या मराठीत कर्ता सहसा सापडत नाही. ‘सदर कवीच्या कवितांचा अभ्यास करण्यात आलेला आहे’, ‘यावरून असे सिद्ध होते’. अभ्यास केला कोणी, सिद्ध झाले कोणाला? शास्त्रीय भाषा म्हणजे निनावी भाषा, ही समजूत बहुधा मार्गदर्शकांनीच रुजविलेली असते. बृहन्महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यापुढे मराठी वैचारिक गद्याचे नमुने मुळात थोडे. ग्रंथालयातला आधीचा प्रबंध हाच त्याचा कित्ता.

छापून आलेले संशोधन या समजुतीला पुष्टी देत नाही. भाषाभ्यासक केन हायलंड यांनी २००२ मध्ये हाँगकाँगच्या पदवी विद्यार्थ्यांचे इंग्रजी अहवाल आणि नियतकालिकांतील शोधनिबंध ताडून पाहिले. ‘मी’ जाणत्या संशोधकांच्याच लेखनात कितीतरी अधिक आढळला. विद्यार्थी उद्दिष्ट सांगताना तो वापरत. मत मांडण्याची वेळ आली की टाळत.

आपल्याकडे राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला १८९८ साली जोडलेली प्रस्तावना वाचावी. पानिपताविषयीची मते तिथे मालकी सांगून येतात. म्हणूनच पुढे शेजवलकरांना त्यांच्याशी वाद घालता आला. ‘करण्यात आले’शी कोण वाद घालणार?

गंमत अशी की, मराठीतला ‘मी’ मुळात उद्धट नाही. ‘मी पोथी तपासली’ या वाक्यात क्रियापद पोथीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘मी’ बाजूला उभा असतो. नम्रतेसाठी परक्या कर्मणी वळणाची उसनवारी कशाला? (‘च्याद्वारे’चा सुळसुळाट त्याच उसनवारीतला.)

याहून मोठे नुकसान ‘असावे’ या रूपाचे झाले आहे. ‘ही प्रत उत्तरकालीन आहे’ आणि ‘ही प्रत उत्तरकालीन असावी’ यांत पुराव्याच्या वजनाचा फरक आहे. गोव्याच्या अ. का. प्रियोळकरांनी मुक्तेश्वराच्या आदिपर्वासाठी केली तशी पाठचिकित्सा करताना या रूपावाचून पाऊल पुढे पडत नाही. आमचा विद्यार्थी मात्र पाच कविता वाचून ‘सिद्ध होते’ लिहितो, आणि जिथे हाती खरा पुरावा असतो तिथे ‘असे म्हटल्यास वावगे ठरू नये’ असे पुटपुटतो. ठामपणा आणि संकोच, दोन्ही चुकीच्या जागी! हा दोष शुद्धलेखनाचा नव्हे. आपल्या हाती किती पुरावा आहे हे त्याला कोणी तोलायलाच लावलेले नसते.

मार्गदर्शकांनी मसुदा परत देताना प्रत्येक ‘करण्यात आले’खाली रेघ ओढून समासात ‘कोणी?’ एवढेच लिहावे, आणि ‘सिद्ध होते’पाशी ‘कशावरून?’