मेथडिस्ट उपासनासंगीत : शब्द, सूर आणि समुदाय

भक्तिगीताचे परीक्षण करताना समीक्षक बहुधा ते भावकविता म्हणून वाचतो. कवीची आत्मनिष्ठा, प्रतिमासृष्टी आणि छंदोरचना यांचा विचार होतो. मात्र ते गीत कोणी, कोणासमवेत व कोणत्या चालीवर म्हणावयाचे, हा प्रश्न संगीतज्ञाकडे सोपवून दिला जातो. इंग्लंडातील मेथडिस्ट पंथाच्या गीतवाङ्मयापुरती तरी ही विभागणी टिकणारी नाही. जॉन वेस्ली (1703–1791) याने उपासनेतील गायनाविषयी घालून दिलेले नियम वरवर पाहता शिस्तीचे वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी एक काव्यविचार आहे. त्या विचाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

जॉनचा धाकटा बंधू चार्ल्स वेस्ली (1707–1788) याने सहा हजारांहून अधिक गीते रचिली. त्या राशीतून मुख्यतः निवड करून जॉनने 1780 मध्ये 525 गीतांचा संग्रह सिद्ध केला. या संग्रहाची मांडणी चर्चच्या वार्षिक सणांच्या क्रमाने नाही. पापाची जाणीव, पश्चात्ताप, क्षमेचा अनुभव, पुन्हा स्खलन, पुन्हा धावा अशा साधकाच्या अवस्थांच्या क्रमाने ती केलेली आहे. या पुस्तकात छापील स्वरलिपी नव्हती. ते वाचावयाचे, पाठ करावयाचे आणि सभेत म्हणावयाचे पुस्तक होते. म्हणजे धर्मतत्त्वांचा ग्रंथच जॉनने लोकांच्या कंठात ठेविला.

संपादक या नात्याने जॉनची भूमिका मात्र सुसंगत नाही. प्रस्तावनेत तो इतरांस बजावतो की, ही गीते छापावयाची तर खुशाल छापावीत, पण त्यांत सुधारणा करू नये. स्वतः त्याने आयझॅक वॉट्स याच्या रचनांतील शब्द बदलले होते आणि बंधूच्या गीतांनाही कात्री लाविली होती. चार्ल्सचे ‘जीझस, लव्हर ऑफ माय सोल’ हे आज जगप्रसिद्ध असलेले गीत त्याने 1780 च्या संग्रहात घेतलेच नाही. ईश्वराला अतिशय सलगीने आळविणारी भाषा त्यास सार्वजनिक उपासनेत रुचत नसे, असे अनुमान यावरून अभ्यासक करितात. हे अनुमान ग्राह्य धरल्यास जॉनची कसोटी स्पष्ट होते: एकाच्या तोंडी जे शोभते, ते शेकडोंच्या तोंडी शोभेलच असे नाही.

हीच कसोटी 1761 च्या गायनविषयक सात सूचनांतून दिसते. छापल्याप्रमाणेच गावे, सर्वांनी गावे, जोमाने गावे, पण आपलाच आवाज वर काढू नये. काल सांभाळावा, रेंगाळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक शब्द गाताना ईश्वराकडे लक्ष असावे, नादाच्या सुखात मन वाहून जाऊ नये, असा त्यांचा आशय आहे. यांत गायकाचे कौशल्य कोठेही मोजलेले नाही. गीताचे मोल त्याच्या नादमाधुर्यावर अवलंबून नसून सर्वांच्या मुखी शब्दाचा अर्थ शाबूत राहतो की नाही यावर अवलंबून आहे, ही भूमिका येथे गृहीत धरलेली आहे.

‘संगीताच्या सामर्थ्याविषयी’ लिहिलेल्या 1779 च्या निबंधात जॉनने ही भूमिका टोकास नेली. काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी चालविण्याची पद्धती, त्यास मान्य नव्हती. निरनिराळे कंठ एकाच क्षणी निरनिराळे शब्द उच्चारू लागले की अर्थाचा लोप होतो, हा त्याचा मुख्य आक्षेप. आक्षेप तर्कशुद्ध आहे. तथापि त्याचा स्वतःचा अनुभवच त्यास पुरता दुजोरा देत नाही. 1758 मध्ये ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये हँडेलची ‘मसाया’ ही रचना ऐकून आल्यावर त्याने दैनंदिनीत समूहगायनाच्या भागांची विशेष वाखाणणी केली, आणि प्रवचनाच्या वेळीही श्रोते इतके गंभीर असतात काय, अशी शंका व्यक्त केली. जेथे स्वर एकमेकांत गुंतले होते, तेथेच त्याचे मन अपेक्षेबाहेर हेलावले. सिद्धान्ताने ज्यास मज्जाव केला, त्यास कानांनी प्रवेश दिला. ही विसंगती टीकाकाराने लपवू नये. कारण शब्दांचा अर्थ आणि गीताचा अर्थ या दोन गोष्टी सर्वस्वी एक नाहीत, हे तिच्यातूनच कळते.

तत्त्वाची खरी परीक्षा वेस्लीबंधूंच्या पश्चात झाली. लीड्स येथील ब्रन्सविक चॅपलमध्ये ऑर्गन बसविण्याची विश्वस्तांची इच्छा होती. स्थानिक पुढाऱ्यांच्या सभेने व जिल्हासभेने विरोध केला असताही 1827 मध्ये पंथाच्या वार्षिक परिषदेने अनुमती दिली. परिणामी सुमारे एक हजार सभासद बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र पंथ स्थापिला. या कलहात परिषदेच्या अधिकाराचा प्रश्न मोठा होता, हे खरे. परंतु निमित्त ऑर्गनचे व्हावे, हा योगायोग नव्हे. ऑर्गन येतो तेव्हा त्याच्यामागून वादक, निवडक गायकवृंद आणि ऐकणारा समाज हे सारे येतात, अशी साधी भीती त्या लोकांना वाटली. आपण गाणारे होतो, आता श्रोते होऊ, हे त्यांचे दुःख सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथात नोंदविले जात नाही. पण मेथडिस्ट संगीताचे मर्म त्यातच आहे.

या कसोटीचा मराठीशी असलेला संबंध दूरान्वयाचा नाही. 1871 मध्ये विल्यम टेलर मुंबईस आला आणि तेथे मेथडिस्ट कार्यास आरंभ झाला. प्रथम ते इंग्रजी भाषिकांतच होते. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत, पंथ कोणताही असो, इंग्रजी चालींवर बसविलेली गीते आणि देशी चालींची गीते अशा दोन जाती आढळतात. इंग्रजी छंद आघातावर चालतो. मराठी पद्य लघुगुरूंवर व मात्रांवर. लघु अक्षर दीर्घ स्वरावर पडले की ते ओढावे लागते, आणि ‘सुत’ ओढला की त्याचे ‘सूत’ होते. जॉनच्या नियमाप्रमाणे चाल जशी छापली तशी गावी, तर त्याच्याच नियमाप्रमाणे राखावयाचा अर्थ येथे बिघडतो. रेव्हरंड ना. वा. टिळक (1861–1919) हे मेथडिस्ट नव्हते, अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संबंध होता. तरी अभंग, ओवी व कीर्तन यांचा आश्रय करून त्यांनी जे साधले, ते या दृष्टीने जॉनच्या अक्षराहून त्याच्या हेतूशी अधिक इमान राखणारे आहे.

तात्पर्य, जॉन वेस्लीचा नियम संगीताचा सिद्धान्त म्हणून अपुरा आहे. ‘मसाया’पुढे तो टिकत नाही. परंतु समुदायगीताच्या समीक्षेचे तत्त्व म्हणून तो मौलिक आहे. अभंगाची चर्चा टाळ, ध्रुपद आणि मागे म्हणणारे वारकरी यांस वगळून करण्याची सवय आपल्या विद्यापीठीय अभ्यासासही लागलेली आहे. पुस्तकात मिटलेले गीत हा त्या गीताचा केवळ आराखडा होय. ते पूर्ण होते ते ज्याला गाता येत नाही असा मनुष्यही शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो तेव्हा. आणि समीक्षकाने आपले परीक्षण तेथूनच आरंभिले पाहिजे.