तोट्याची मुभा

शंभर क्रेडिट, कोब्रा जातीचे एक यान, वीस टनांचे गोदाम आणि समोर लेव्ह नावाचा ग्रह. १९८४ साली ‘एलिट’ हा संगणकखेळ सुरू करणाऱ्याच्या हाती एवढेच पडत असे. पुढे काय करायचे हे कोणी सांगत नसे. शेतीप्रधान ग्रहावरून धान्य उचलावे, औद्योगिक ग्रहावर विकावे, परतीच्या खेपेला संगणक भरावेत, गाठीला पैसे जमले की चांगली लेझर बसवावी. नाहीतर सरळ दुसऱ्याचे यान फोडावे आणि सांडलेला माल गोळा करावा. बाजारयादीत गुलाम आणि अमली पदार्थही होते. ते विकायचे की नाही, हे ज्याच्या-त्याच्या मनावर होते. तो माल भरून निघाले तर पोलीस मागे लागत, इतकेच. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी अवघ्या ३२ केबी स्मृतीच्या बीबीसी मायक्रो या संगणकावर आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते. एकॉर्नसॉफ्टने तो बाजारात आणला. त्याआधी थॉर्न ईएमआयने तो नाकारला होता: डाव दहा मिनिटांत संपला पाहिजे, खेळाडूला तीन जीव हवेत, गुण मोजले जायला हवेत. त्या काळच्या धंद्याला गुणांऐवजी खिशातल्या पैशांवर चालणारा खेळ कळलाच नाही.

व्यापार आणि लढाई एकाच दोरीत ओवणाऱ्या अवकाशखेळांची ही जात आता चाळीस वर्षांची झाली. नकाशे अफाट वाढले. आठ आकाशगंगांच्या जागी आज ‘एलिट डेंजरस’मध्ये आपल्या आकाशगंगेतले ४० हजार कोटी तारे आहेत. पण मोकळीक त्या पटीत वाढली का? मला तसे वाटत नाही. या खेळांत खेळाडू किती मोकळा आहे हे किती ठिकाणी जाता येते यावरून ठरत नाही, किती खरा तोटा होऊ शकतो यावरून ठरते. ज्या बाजारात तुमच्या खेपेने भाव हलत नाही आणि ज्या लढाईत हरून काही जात नाही, तिथे निवड करण्यालाच अर्थ उरत नाही.

मूळ ‘एलिट’वर माझे प्रेम आहे, पण त्याचा बाजार हा पडदा होता. भाव ठरे ग्रहाच्या स्वरूपावरून आणि थोड्याशा नशिबावरून. तुम्ही पस्तीस टन फर ओतले तरी पुढच्या फेरीला त्या ग्रहाला त्याची आठवण नसे. २००३ चा ‘फ्रीलान्सर’ तर याच्याही एक पाऊल मागे गेला. त्याचे वैमानिक, अड्डे, गप्पा सगळे जिवंत वाटायचे, माउस हातात घेऊन लढण्याची त्याची रीत आजही सुखद आहे, पण एका स्थानकावर हिऱ्यांचा जो भाव पहिल्या दिवशी, तोच शंभराव्या दिवशी. एकदा फायद्याची वाट सापडली की व्यापार संपला. उरली ती हमाली.

आता समतोलाकडे येऊ. हा शब्द आला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ताशी कमाई येते. खाणकाम, मालवाहतूक, चाचेगिरी, शिकार, शोधमोहीम, या प्रत्येक धंद्यात तासाला साधारण सारखे पैसे सुटले की समतोल साधला, असे मानले जाते. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या ‘एलिट डेंजरस’चा इतिहास याच समजुतीचा इतिहास आहे. नवा वैमानिक साइडवाइंडर नावाच्या छोट्या यानात एक हजार क्रेडिट घेऊन निघतो. सगळ्यांच्या स्वप्नातले अॅनाकोंडा सुमारे १४ कोटी ७० लाखांचे. मधले अंतर कसे काटायचे? कुणीतरी रोबिगो नावाच्या कोपऱ्यातल्या ठाण्यावरची लांब पल्ल्याची तस्करीची कामे शोधून काढली आणि लोकांची रांग तिकडे लागली. निर्मात्यांनी त्या कामांची कमाई छाटली. २०१८ च्या अखेरीस खाणकामाची नवी रचना आली, व्हॉइड ओपल हा खडा निघाला, आणि बरफाळ कड्यांमध्ये गर्दी झाली. जमलेल्या माणसाला एक-दोन तासांत अॅनाकोंडाची किंमत निघत होती. तोही नळ नंतर आवळला गेला.

या काळात आकाशगंगा तितकीच मोठी होती, धंदेही सगळे उपलब्ध होते. पण एका धंद्यात दहापट पैसे आहेत हे माहीत असताना उरलेले नऊ निवडणारा माणूस स्वतःला मूर्ख समजू लागतो. मोकळीक कागदावर राहते आणि सगळे एकाच कड्यात दगड फोडतात. निर्मात्यांनी कात्री चालवली की दुसरी खाण शोधायची, तीही बंद झाली की तिसरी. यात व्यापाऱ्याची बुद्धी कुठेच लागत नाही, फक्त बातमी वेळेवर कळावी लागते.

पण त्याच खेळात एक शहाणपणाचा बदल झाला. खनिजांचा विक्रीभाव मागणीच्या मानाने तुम्ही किती माल आणता त्यावर घसरू लागला. म्हणजे पाचशे टन एकाच ठाण्यावर ओतलेत तर भाव कोसळणार. साधी गोष्ट, पण तिने खाणवाल्याला पुन्हा व्यापारी केले: कुठे थोडे टाकायचे, कुठे थांबायचे, कुठला भाव दोन दिवसांनी चढेल. निर्मात्याची कात्री आणि बाजाराची कात्री यांतला फरक इथे दिसतो. पहिली सगळ्यांवर एकाच वेळी चालते. दुसरी ज्याने घाई केली त्याच्यावर.

बाजाराची कात्री सगळ्यात धारदार कुठे असेल तर ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये. आइसलँडच्या सीसीपीने २००३ साली तो सुरू केला आणि सगळ्यांना एकाच विश्वात ठेवण्याचा हट्ट आजवर सोडलेला नाही. चीनमधले वेगळे विश्व हा एक अपवाद. त्यातली बहुतेक याने, तोफा, दारूगोळा खेळाडूंनीच खणून, गाळून, बांधून बाजारात आणलेला असतो. जिता ही त्या विश्वाची मोठी पेठ कोणी आखून दिलेली नाही. आधी गर्दी युलाई नावाच्या सूर्यमालेत असे, कारण झटपट पोहोचवणाऱ्या वाटा तिथे येऊन मिळत. त्या वाटा मोडल्या, युलाई ओस पडली आणि माणसे जिताला सरकली. हमरस्ता वळला की पेठ हलते, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गावाला विचारावे.

पण मला ‘ईव्ह’मधली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती विम्याची. यान फुटले की विम्याची ठरीव रक्कम मिळे. खनिजे स्वस्त होऊन यान बांधायचा खर्च त्या रकमेच्या खाली गेला, की लोक याने बांधत, विमा उतरवत आणि स्वतःच्या हाताने उडवून देत. त्यामुळे विम्याची रक्कम हा खनिजांचा हमीभाव होऊन बसला. हा शब्द रोज ऐकणाऱ्या मराठी वाचकाला यातली गोम लगेच कळेल: सरकार म्हणजे इथे खेळाचा निर्माता, आणि तो न मागता खरेदीदार झाला होता. २०१० मध्ये भरपाई चालू बाजारभावाशी जोडली गेली आणि तो हमीभाव संपला.

याच विम्याने लढाईचेही गणित बांधले होते. ‘ईव्ह’च्या सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या प्रदेशात कोणीही कोणावरही गोळी झाडू शकतो. काही क्षणांत कॉनकॉर्ड नावाचे पोलीस दल येते आणि हल्लेखोराचे यान हटकून नष्ट करते. म्हणजे गुन्हा करता येतो, पण त्याची किंमत ठरलेली आहे. मग हिशेब उरतो तो एवढाच: माझे जाणारे यान किती किमतीचे आणि समोरच्याच्या गोदामातून वाचेल तो माल किती किमतीचा. मुरलेला वाहतूकदार गोदाम कधीच एका मर्यादेपलीकडे भरत नाही. आपल्याला मारायला जितका खर्च येईल त्याहून मौल्यवान होण्यात धोका आहे हे तो ओळखून असतो. २०११ पर्यंत हल्लेखोराला पोलिसांनी फोडलेल्या यानाचाही विमा मिळत असे. तो बंद झाला आणि एकही नवी बंदी न घालता रस्ते थोडे निर्धोक झाले. समतोल साधावा तर असा. कुणाचीही मोकळीक काढून घेतली नाही, फक्त तिची किंमत वाढवली.

२७ जानेवारी २०१४ ला ‘ईव्ह’मधल्या बी-आर५आरबी या सूर्यमालेत जे घडले ते जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. सुरुवात क्षुल्लक होती: एका आघाडीचे त्या मालेवरच्या ताब्याचे भाडे भरायचे राहून गेले. विरोधकांनी ते पाहिले आणि दोन्ही बाजूंचे तांडे तिथे उतरले. सर्व्हरवरचा भार पेलण्यासाठी काळ एक दशांश गतीने चालवला गेला. एकवीस तासांत ७५ टायटन, म्हणजे त्या विश्वातली सर्वांत मोठी याने, नष्ट झाले, एकूण नुकसान तीन लाख डॉलरच्या आसपास मोजले गेले. बातम्यांनी डॉलर पाहिले. मला महत्त्वाचे वाटते ते नंतरचे: एकेक टायटन उभे करायला कित्येक आठवडे लागतात, त्यासाठी डोंगरभर खनिज लागते, आणि ते कोणाला तरी खणावे लागते. त्या रात्री जळालेल्या लोखंडाने अनेक अनोळखी खाणवाल्यांना काम दिले. लढाई हीच या बाजाराची मोरी आहे. ती तुंबली की पैसा आणि माल साचून कुजतो.

सीसीपीला हे कळत होते. २००७ मध्ये त्यांनी एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञाला नोकरीवर घेतले, नंतर ते आइसलँडमधल्या आकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. तरीही २०२० मध्ये खनिजे जाणूनबुजून दुर्मीळ करण्याचे धोरण आले तेव्हा माझ्या मते कंपनी आपलाच धडा विसरली. ज्यांची कोठारे भरलेली होती ते आणखी सधन झाले, नव्यांना मोठे यान आवाक्याबाहेर गेले, आणि भरून न येणारे यान कोणी लढाईत काढत नाही. नळ आवळताना मोरीच बंद केली गेली. २०१२ पासून लोकवर्गणीवर घडत असलेल्या ‘स्टार सिटिझन’ची अडचण वेगळी. तिथे शेकडो डॉलर मोजून यान पहिल्याच दिवशी दाराशी उभे करता येते. पहिल्या खेपेआधीच प्रवासाचा शेवट विकला तर खेपेला काय अर्थ राहिला?

एकट्याने खेळायचे असेल तर जर्मनीतल्या इगोसॉफ्टच्या २०१८ च्या ‘एक्स४: फाउंडेशन्स’ला तोड नाही. तिथले राष्ट्र युद्धनौका हवेतून काढत नाही. सौर केंद्रातून ऊर्जाकोश, त्यावर कारखाना, त्यातून सांगाड्याचे भाग, मग गोदी. यातला एक दुवा तुम्ही तोडलात, म्हणजे मालवाहू याने चार दिवस अडवलीत, तर दूरच्या आघाडीवर आरमार उभे राहत नाही. भाव साठ्यानुसार चढउतरतो. दोष एकच: काही आठवड्यांनी तुम्हीच सर्वांत मोठे कारखानदार होता आणि तुम्हाला बुडवू शकेल असे कोणी उरत नाही.

‘एलिट डेंजरस’ने मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये मला चकित केले. नव्या वस्ती-रचनेत खेळाडू ओसाड सूर्यमाला निवडून तिथे ठाणे उभारू शकतो, पण त्यासाठी पोलाद, टायटॅनियम आणि इतर कितीतरी माल हजारो टनांनी स्वतः वाहून न्यावा लागतो. वर्षानुवर्षे फक्त आकड्यांसाठी चाललेल्या खेपा अचानक कशाच्या तरी पायाभरणीसाठी होऊ लागल्या. आसपासच्या बाजारांत पोलाद मिळेनासे झाले, आणि ते कुठे शिल्लक आहे ही माहितीच मोलाची झाली. एकट्याने खेळण्याच्या पर्यायात जाऊन चाचे बनलेल्या इतर खेळाडूंना चुकवता येते ही या खेळाची जुनी कमजोरी मात्र तशीच आहे. मालवाहतूकदाराला घाबरण्याचे कारणच नाही, म्हणून रखवालदाराला कामही नाही.

तरी या खेळाने एक धंदा जन्माला घातला आहे, ज्याचा भाव कुठल्याच फळ्यावर लागत नाही. इथे इंधन खरोखर संपते. दूरवर, ज्या ताऱ्यांतून इंधन शोषता येत नाही अशा भागात चुकीची उडी मारली तर यान अंधारात थांबते, दिवे विझतात आणि प्राणवायूची उलटी गणती सुरू होते. २०१५ मध्ये काही खेळाडू एकत्र आले आणि फ्युएल रॅट्स नावाने अशा अडकलेल्यांना इंधन पोहोचवू लागले. एक पैसा न घेता त्यांनी आजवर एक लाखाहून अधिक लोकांना सोडवले आहे. निर्मात्यांनी उद्या टाकीत थोडे फुकट इंधन ठेवले तर यांतले एकही सुटकेचे काम उरणार नाही. अडकलेल्याला त्यांचा पहिला प्रश्न कुठे आहेस हा नसतो. पडद्यावर प्राणवायूचा आकडा उतरताना दिसतोय का, असे ते विचारतात. दिसत असेल तर आधी खेळातून बाहेर पड, मेन्यूत थांब, आम्ही निघालो आहोत.