परतीच्या गाडीचे वाङ्मय

मराठीत प्रवासवर्णनाची चर्चा निघाली की ती पाहता पाहता बंदरावर किंवा विमानतळावर जाऊन पोहोचते. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) ही नावे ओठांवर येतात, आणि ती यावीतच. परंतु सकाळच्या गाडीने निघून रात्रीच्या गाडीने घरी परतणारा माणूस जे लिहितो, त्याकडे समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. ‘सहलीची हकीगत’ म्हणून ते छापले जाते आणि विसरले जाते. हा प्रकार मुळात दुबळा आहे असे मला वाटत नाही; दुबळी आहे ती आपली त्याच्याकडून असलेली अपेक्षा.

या लेखनाचा ठरीव साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. अर्धा लेख फलाटावरच्या चहात जातो, पाव लेख गॅझेटियरमधून उतरतो, आणि उरलेल्या भागात नदी ‘संथ वाहत’ असते. वऱ्हाडातून भुसावळमार्गे गाठता येणाऱ्या बुऱ्हाणपूरचेच उदाहरण घ्या. मुमताजमहल १६३१ साली येथे वारली आणि तिचे शव प्रथम तापीपलीकडे ठेवले होते, एवढे सांगून लेखक थेट आग्र्याला जातो. तापी त्याला यमुनेची पायरी वाटते. पुरंदरच्या तहाने (१६६५) शिवाजीमहाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली याच शहरात मेला; येथल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेखही कोरलेला आहे. यांपैकी एकाच गोष्टीपाशी लेखक दोन तास थांबला असता, तर ते शहर आग्र्याची प्रस्तावना न राहता स्वतःच्या पायांवर उभे राहिले असते.

परतीच्या गाडीचे खरे महत्त्व येथेच आहे. महिनाभर परदेशी राहणाऱ्याला सारेच सांगून टाकण्याची मुभा असते. पाच वाजता स्टेशनवर पोहोचायचे असलेल्याला निवड करावीच लागते. कादंबरीच्या शेजारी लघुकथा जशी आपल्या मर्यादेतूनच बळ मिळवते, तसेच हे आहे. एका दिवसाच्या प्रवासाचे लेखन फसते ते दिवस अपुरा पडल्याने नव्हे, लेखकाने निवड टाळल्याने.

आणि निवडक, नेमके लिहिण्याची परंपरा आमच्या अंगणातच आहे. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव. २०२४ साली तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ते उगीच नव्हे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागा नोंदल्या आहेत: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे, एका स्थानापासून दुसरे किती अंतरावर. तिला कोणी ललितवाङ्मय म्हणणार नाही. पण मागून येणाऱ्याला ती जागा सापडावी, ही तळमळ त्या कोरड्या वाक्यांत इतकी जिवंत आहे की विशेषणांची उणीव भासत नाही. आजच्या सहललेखकाला शेकडो वर्षांपूर्वीची ही नोंद पुष्कळ शिकवू शकेल.

हा आग्रह केवळ शैलीसाठी नाही. सापन आणि बिच्छन या नद्यांकाठचे अचलपूर ही एके काळची इमादशाहीची राजधानी. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे तेथे जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी उभी केली. ती आता बंद पडली आहे. तिच्या संथपणावर थट्टेखोर लेख मी पुष्कळ वाचले. परंतु तिच्या खिडकीतून दिसणारे कपाशीचे रान, डब्यात चढणारी माणसे, अचलपूरच्या वेशीपाशी उतरल्यावर होणारे पहिले दर्शन, यांचे नेमके वर्णन माझ्या वाचनात आलेले नाही. ते आता नव्याने लिहिता येणार नाही. लंडनचे वर्णन एकाने केले नाही तर दहाजण करतील. अचलपूरच्या गाडीचे वर्णन त्या गाडीत बसणाऱ्यांनीच करायचे होते.

आज अमरावती-नरखेड मार्गावरची गाडी मोर्शीला थांबते. तिच्यातून जाणाऱ्या एखाद्या तरुण लेखकाकडे माझी मागणी लहानच आहे. जवळच्या गावी जा, एकच जागा निवड, आणि ती अशी लिही की ते पान हातात धरून दुसऱ्याला तिथवर जाता यावे.