गॅट्सबीचे वेळापत्रक आणि खानदानाचा प्रश्न

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या छपाईत सुमारे २१ हजार प्रती निघाल्या. त्याच वर्षी आणखी ३ हजार छापल्या गेल्या. १९४० मध्ये लेखक वारला तेव्हा त्यांतल्या काही प्रती प्रकाशकाकडे न विकता पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना फुकट वाटण्यासाठी तिच्या दीड लाखाहून अधिक प्रती छापण्यात आल्या, आणि पुढे ती शाळा-कॉलेजांतून शिकवली जाऊ लागली. 'अमेरिकन स्वप्नाचा भंग' हे तिच्यावरचे ठरीव वाक्य आहे. आम्हांला ते अपुरे वाटते. स्वप्न नेमके कोणाचे भंगते, कोणाचे शाबूत राहते आणि ते कोण ठरवते, हे या वाक्यातून कळत नाही. कादंबरी मात्र ते नीट सांगते.

कथानक थोडक्यात असे. काळ १९२२ चा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर खाडीच्या दोन बाजूंना दोन काल्पनिक वस्त्या आहेत. ईस्ट एगमध्ये पिढीजात श्रीमंत राहतात, वेस्ट एगमध्ये नवश्रीमंत. वेस्ट एगच्या प्रचंड हवेलीत जे गॅट्सबी मेजवान्यांवर मेजवान्या देतो. समोरच्या काठावर डेझी राहते. पाच वर्षांपूर्वी लष्करात असताना त्याचे तिच्यावर प्रेम जडले होते. तो कफल्लक होता. युद्धावरून तो परतण्याआधीच तिने टॉम ब्यूकॅनन या गडगंज माणसाशी लग्न केले. तिला परत मिळवण्यासाठी हा सारा थाट. गॅट्सबी हे नावही जन्माचे नाही. तो नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी त्याने नाव बदलले आणि पुढे श्रीमंत घराणे, वडिलोपार्जित इस्टेट असे सगळे रचून सांगितले. ऑक्सफर्डला तो गेला होता खरा, पण युद्धानंतर लष्करी अधिकाऱ्यांना मिळालेल्या सवलतीत, फक्त पाच महिने. पैसा आला तो चोरट्या दारूतून. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती.

गॅट्सबी बनावट आहे, हे कोणालाही दिसते. बाकीचे कितपत अस्सल आहेत, हे लेखकाने इतक्या हळू आवाजात सांगितले आहे की वाचताना ते सहज निसटते. कथा सांगणारा निक कॅरावे घ्या. आपण स्कॉटलंडच्या ड्यूकांचे वंशज, अशी त्याच्या घरात समजूत आहे. घराण्याचा खरा मूळपुरुष म्हणजे त्याच्या आजोबांचा भाऊ. तो १८५१ मध्ये आला, यादवी युद्धात स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवून मोकळा झाला आणि त्याने लोखंडी सामानाचा घाऊक धंदा काढला. निकचे वडील आजही तोच धंदा चालवतात. टॉमचा देखणा बंगला पूर्वी तेलाच्या धंद्यातल्या एकाचा होता. गॅट्सबीची हवेली एका बिअरच्या कारखानदाराने बांधली होती. शेजाऱ्यांनी आपल्या घरांना गवताचे छप्पर घातले तर पाच वर्षांचा कर मी भरतो, असे त्याने त्यांना सांगून पाहिले होते. आपल्या हवेलीभोवती जुन्या जमान्यातले गाव दिसावे, एवढीच त्याची हौस. शेजाऱ्यांनी नकार दिला.

आपल्याकडे एक जुनी फारसी म्हण चालत आली आहे. पूर्वी आम्ही खाटीक होतो, मग शेख झालो, धान्य स्वस्त झाले तर यंदा सय्यद होऊ, अशा अर्थाची. अश्राफ म्हणवणाऱ्यांनी ती खालच्यांना हिणवायला वापरली. पण ती उलटी धरली तर प्रत्येक घराण्याला विचारता येते की तुम्ही शेख कोणत्या साली झालात? फिट्झजेराल्ड आपल्या पात्रांना हाच प्रश्न विचारतो. कॅरावे घराणे आणि गॅट्सबी यांच्यात फरक उरतो तो फार तर तीन पिढ्यांचा. पैसा कुठून आला हे लोक विसरले की त्यालाच खानदान म्हणतात. गॅट्सबीला विसरायला लावण्याइतका वेळ मिळाला नाही.

प्लाझा हॉटेलातला प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. डेझीने टॉमला सोडावे, असा गॅट्सबीचा आग्रह. टॉम त्याच्या धंद्याचे बिंग फोडतो. औषधाच्या दुकानांआडून दारू विकणारा, असा त्याचा उद्धार करतो. डेझी तिथेच मागे सरकते, ती कायमची. पण त्या खोलीत टेबलावर व्हिस्कीची बाटली आहे. ती टॉमनेच घरून टॉवेलात गुंडाळून आणली आहे. ज्या कायद्याची काठी तो गॅट्सबीवर उगारतो, तो कायदा त्याने त्याच दुपारी बगलेत मारलेला आहे. हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पिणारा शरीफ, विकणारा बदमाश.

मर्टलकडे समीक्षकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. ती गॅरेजवाल्या विल्सनची बायको आणि टॉमची रखेल. नवऱ्याने लग्नात घातलेला सूट दुसऱ्याकडून मागून आणलेला होता, हे कळल्यावर ती ढसाढसा रडली होती. टॉमने घेऊन दिलेल्या फ्लॅटमध्ये ती कपडे बदलते आणि तिचे बोलणे-वागणेही मालकिणीचे होते. पण डेझीचे नाव घेताच टॉम तिचे नाक फोडतो. पुढे डेझीच्याच हातून गाडीखाली ती मरते. गॅट्सबी आळ स्वतःवर घेतो आणि विल्सनच्या गोळीला बळी पडतो. विल्सन स्वतःलाही संपवतो. वर चढू पाहणारे दोघे आणि राखेच्या ढिगाऱ्यांत राबणारा एक, असे तिघे मातीत जातात. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात.

आम्ही शिक्षक असल्यामुळे आमचा जीव अडकतो तो शेवटच्या प्रकरणात. मुलाच्या दफनासाठी आलेला बाप एक जुने पुस्तक दाखवतो. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मुलाने १९०६ मध्ये वेळापत्रक लिहिले आहे. पहाटे उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, खेळ, वक्तृत्वाचा सराव. खाली संकल्प: तंबाखू बंद, बचत करणे, आईवडिलांशी चांगले वागणे. बचतीचा आकडा पाच डॉलर लिहून खोडला आहे आणि तीन केला आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातल्या दिनक्रमाची ही गरीब नक्कल आहे. असे कागद आम्ही दहावीच्या मुलांच्या घरी भिंतीवर चिकटवलेले पाहतो, बरेचदा आम्हीच ते लिहून घेतो. त्यातली खाडाखोड पाहिली की मुलगा खरे लिहितोय हे कळते.

हे वेळापत्रक खोटे नव्हते. पण त्यातून हवेली उभी राहिली नाही. ती उभी राहिली कोडी या लक्षाधीशाच्या जहाजावर शिकलेल्या रीतीभातींतून आणि वुल्फशाइम या जुगारी दलालाच्या पाठबळातून. याला मीच उभा केला, असे वुल्फशाइम उघड सांगतो. स्वतःला स्वतः घडवणाऱ्या माणसाची जी कथा अमेरिका अभिमानाने सांगते, तिला लेखकाने इथे आतून भोक पाडले आहे.

एका ठिकाणी मात्र लेखकाची नजर चुकते. गोऱ्या वंशाच्या ऱ्हासाची पोपटपंची करणाऱ्या टॉमची तो खिल्ली उडवतो, आणि ज्यू वुल्फशाइम रंगवताना स्वतः त्याच्या नाकापाशी अडकतो. माणसाच्या दाढांची बटणे घालून बसलेला हा ठोकळा आहे. पडद्यावर टोपी-सुरमा दिसला की पुढे काय येणार हे ज्यांना आधीच कळते, अशा आपल्यासारख्या वाचकांना ही पाने टोचल्याशिवाय राहणार नाहीत. २०१३ च्या चित्रपटात ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली, तरी छापील पानावरचे चित्र त्याने बदलत नाही.

हा दोष धरूनही कादंबरीचे मोल कमी होत नाही. मेजवान्यांना शेकड्यांनी येणाऱ्यांपैकी एक चष्मेवाला सोडला तर दफनाला कोणी येत नाही. बाप, निक, काही नोकर आणि पोस्टमन, एवढेच. बाप मात्र खिशातून हवेलीचा चुरगळलेला फोटो काढून अभिमानाने दाखवत राहतो. मेहनत करा म्हणजे वर याल, हे आम्ही वर्गात रोज सांगतो आणि सांगत राहू. या कादंबरीने त्याच्यापुढे एक धडा जोडला आहे. वर आल्यावर दारात नाव विचारतील, गाव विचारतील, बाप विचारतील. त्या वेळी जेम्स गॅट्झ हे नाव सांगता येईल एवढी हिंमतही मुलांना शिकवावी लागेल. तेवढ्या हिमतीने दार उघडेलच असे नाही. पण बापाला मुलाच्या खऱ्या नावाने त्याला निरोप देता येईल.