मतदान यंत्र : गूढलेखन पुरेसे आहे का?

आपल्या मतदान यंत्राच्या रचनेत पवईच्या आय. आय. टी.तील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा वाटा आहे. चिन्हाशेजारी निळे बटण, लाल दिवा आणि लांब शिटी. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही हे यंत्र सहज वापरता येते. परंतु सोपेपणा वेगळा आणि खात्री वेगळी.

'यंत्रात गूढलेखन आणा, शंका मिटेल' असे सुचवले जाते. ही सूचना वर्गातच तपासून पाहावी. 'होय' मत म्हणजे १, 'नाही' म्हणजे ०. प्रत्येकाने ० ते ९९ मधील कोणतीही संख्या, समजा ३७, पहिल्या डब्यात टाकावी. दुसऱ्या डब्यात अशी संख्या टाकावी की बेरजेचे शेवटचे दोन अंक 'होय'साठी ०१, 'नाही'साठी ०० येतील; येथे ६४ किंवा ६३. दोघांनी एकेक डबा मोजावा. दोन्ही बेरजा मिळवल्या की शेवटचे दोन अंक 'होय' मतांची संख्या देतात. एका डब्यावरून कोणाचेही मत कळत नाही, तरी मोजणी अचूक होते.

आता कोणी ६४ऐवजी ६५ टाकले तर? दोन मते पडली आणि कोणालाच कळले नाही! मत न उघडता ते ० किंवा १ आहे हे दाखवणारी 'शून्य-ज्ञान सिद्धता' गणितात आहे. पण ती किती मतदारांना पडताळता येईल? जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली नेमके हेच म्हटले : मतदान व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष ज्ञानाविना नागरिकाला तपासता यावेत.

म्हणून कागद हवाच. आपल्याकडे मतदाराला चिठ्ठी सात सेकंद दिसते. २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने फेटाळली. आक्षेप आहे तो 'पाच' या ठरीव आकड्याला. समजा, विधानसभा निवडणुकीत एका मतदारसंघातील २५० केंद्रांपैकी १० यंत्रे सदोष आहेत. पाच केंद्रे निवडल्यास त्यांत एकही सदोष यंत्र न येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के! मताधिक्य मोठे असेल तर दहा यंत्रांनी निकाल फिरणार नाही. निसटते असेल तर फिरेल. तेव्हा नमुना किती घ्यायचा हे मताधिक्यावरून ठरले पाहिजे.

गूढलेखनाने कागदाला जोड द्यावी, त्याची जागा घेऊ नये. आणि वरील ८१ टक्के बरोबर आहेत का, हे बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे.